बेसचं ओझं

गेल्या शिगम्यानंतर माझी पाठ धरली. धरली म्हणजे अशी, की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवरून उठताना टेबलाला धरूनच उठावं लागलं. डॉक्टरांनी एमआरआय बघितला, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही काय उचलता?" मी म्हटलं, "फायली." त्यांना पटलं नाही. मग खरं सांगितलं.

आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात मी गेली वीसएक वर्षं बेस गिटार वाजवतो. जत्रा, गणेशोत्सव, कधी लग्नाची पार्टी, कधी देवळाच्या मांडात नाटकाआधी तासभर मराठी-हिंदी गाणी. बेस गिटार हलकी असते हो, चार किलोंची. पण तिचा आवाज काढणारा जो संसार आहे, तो आम्ही एकदा सोसायटीच्या तांदळाच्या काट्यावर चढवला होता. दोन पंधरा इंची स्पीकरचा, जाड फळ्यांचा गावठी बॉक्स आणि वर ॲम्प्लिफायर मिळून ६८ किलो! (आमच्याकडे 'पेटी' म्हटलं की लोक हार्मोनियम समजतात, म्हणून मी बॉक्सच म्हणतो.) डॉक्टर म्हणाले, "यापुढे पंधरा किलोंच्या वर काहीही उचलायचं नाही." म्हणजे एक तर बेस सोडायचा, नाहीतर वजन सोडायचं.

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस. कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली की आधी ती अशी का झाली हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते, मिक्सर घेताना पण तुम्ही वखारींच्या काळात जाता. असो. तर हे वजन आलं कुठून आणि गेलं कुठं, याची ही हकिगत.

सुरुवात निसर्गापासून. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. त्या आवाजाची एक लाट हवेत सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. म्हणजे आमच्या देवळाच्या सभामंडपाची रुंदी एकाच लाटेत संपते. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. हळू आवाजात तर आपल्याला खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून तो ऐकू येण्याइतका करायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. पुष्कळ हवा ढकलायची तर मोठे पडदे, मोठे बॉक्स आणि मोठी ताकद. सगळी रड इथून सुरू होते.

विजेच्या आधी हे काम डबल बास करी. माणसापेक्षा उंच असं ते लाकडी वाद्य, व्हायोलिनचं थोरलं भावंडच म्हणा. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या आपल्या गोंयकार बँडवाल्यांच्या जुन्या फोटोंत मागच्या रांगेत ते दिसतं. ते वाजवणाऱ्याचं दुःख एकच, पुढे ट्रंपेट सुरू झाले की याचं काही ऐकू येत नसे. न्यूयॉर्ककडच्या एव्हरेट हल नावाच्या वादकानं १९४६च्या सुमारास त्यावर एक युक्ती काढली. डबल बास ज्या खुंटीवर जमिनीवर टेकतो, तिच्यातच त्यानं पिकअप बसवला. ॲम्प्लिफाइड पेग, म्हणजे आवाज मोठा करणारी खुंटी. त्याचंच लहान रूप 'ॲम्पेग', आणि पुढे तेच कंपनीचं नाव झालं.

तिकडे कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१मध्ये डबल बासच रद्द केला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण वादकांचं गाऱ्हाणं तो कान देऊन ऐके. त्यानं गिटारसारखी आडवी धरायची, पडदे बसवलेली बेस काढली. पडद्यांमुळे सूर चुकत नाही, म्हणून नाव 'प्रिसिजन बेस'. आता गाडीच्या मागच्या सीटवर मावेल असं वाद्य झालं खरं, पण त्या भरीव लाकडाला स्वतःचा आवाज कुठला? डबल बासच्या पोटात जी हवा होती, ती आता दुसऱ्या कुठल्यातरी खोक्यात शोधणं भाग होतं. १९५२मध्ये फेंडरनं त्यासाठी 'बेसमन' नावाचा ॲम्प काढला, एक पंधरा इंची स्पीकर असलेला. म्हणजे वाद्याचं ओझं कमी झालं नाही, त्याची फक्त बदली झाली. हे मला सरकारी नोकरीत असल्यामुळे चटकन समजलं.

गंमत अशी, की पुढे दहा इंची चार स्पीकर घालून आलेला बेसमन बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनच्या जिम मार्शलनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपला पहिला ॲम्प बनवला, तो त्याचीच सर्किट समोर ठेवून. रॉक गिटारचा तो प्रसिद्ध गुरगुराट मुळात बेसच्या ॲम्पमधून आलाय!

हलच्या कंपनीत जेस ऑलिव्हर नावाच्या माणसानं १९६०मध्ये 'पोर्टाफ्लेक्स' बी-१५ बनवला. वाजवून झालं की वरचा ॲम्प उलटा करून बॉक्सच्या पोटात ठेवायचा, झाकण बंद, चालायला लागा. पंचवीसच वॅट. पण मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनच्या पसंतीचा ॲम्प तो हाच. नेऊ शकण्याजोगा ॲम्प ही कल्पना म्हणजे आजकालची नव्हे. हल स्वतः मात्र जॅझचा माणूस होता, रॉक अँड रोलचा गोंगाट त्याला बिलकूल खपत नसे. पण जग त्याचं ऐकणार थोडंच.

कारण तोवर मैफली हॉलमधून स्टेडियममध्ये गेल्या होत्या. तेव्हाची सार्वजनिक ध्वनियंत्रणा फार दुबळी, तिच्यातून जेमतेम गाणाऱ्याचा आवाज जाई. बाकी प्रत्येकानं आपापला आवाज आपल्या पाठीमागूनच काढायचा. १९६९मध्ये ॲम्पेगनं त्यासाठी 'एसव्हीटी' काढला. तीनशे वॅट, चौदा व्हॉल्व्ह आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचा बंद बॉक्स, ज्याला सगळे 'फ्रिज' म्हणतात. सुरुवातीला तर एका ॲम्पला असे दोन फ्रिज जोडायचे. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर हे ॲम्प नेले आणि बेसच काय, गिटारीही त्यांतूनच वाजवल्या. आज मिळणाऱ्या त्याच घाटाच्या ॲम्पचं वजन ३६ किलो आणि फ्रिजचं ६४. बरोबर एक क्विंटल.

एवढं वजन कशाचं? लोखंडाचं. व्हॉल्व्ह थेट स्पीकर चालवू शकत नाहीत, मध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय वीज आत घेण्यासाठी दुसरा. ट्रान्झिस्टर आले तेव्हा यातला पहिला गेला. पण दुसरा राहिला, आणि उष्णता घालवायला ॲल्युमिनियमच्या पंख्यांचा जड साचा मागे आला. अकूस्टिक कंपनीचा ३६० हा त्या पिढीतला नावाजलेला. अठरा इंची स्पीकर तोंड मागे करून वळणावळणाच्या भोंग्यात बसवलेला. जाको पॅस्टोरियसनं तो गाजवला. त्यात एक खोड होती. आवाज दूरवर भरून पोचे, पण खुद्द वादकाला जवळ उभं राहून नीट ऐकू येत नसे. मग तो आवाज वाढवी, आणि शेवटच्या रांगेतला माणूस हादरे.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं म्हणा. राहुलदेव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझची बेस रेडिओवर ऐकून आम्ही शिकलो, आणि वाजवली ती लाउडस्पीकरवाल्याच्या अहुजातून. अहुजा हा भाषणाचा आणि आरतीचा ॲम्प. त्यातून बेस वाजली की तिची गत उपवासाच्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखी व्हायची. पुढे फोंड्याच्या बाजूच्या एका रेडिओ मेकॅनिककडून ट्रान्झिस्टरचा ॲम्प बांधून घेतला. पाठ मोडणारा तो हाच.

आता वजन कसं गेलं ते. तीन वाटांनी गेलं, आणि तिन्ही वाटा बेसवाल्यांसाठी कोणी काढल्या नव्हत्या.

पहिली वाट चुंबकाची. स्पीकरच्या मागे जे जड चाक असतं ते चुंबक. पूर्वी ते अल्निकोचं असे, त्यात कोबाल्ट लागतो. १९७८मध्ये झैरेच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्ट भडकला आणि स्पीकरवाले फेराइटकडे वळले. फेराइट स्वस्त, पण तेवढीच ताकद हवी तर पुष्कळ घ्यावं लागतं. आफ्रिकेतल्या लढाईचं ओझं अशा रीतीनं वादकांच्या कमरेवर आलं. मग १९८३मध्ये जपानात सुमितोमोच्या मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी, एकमेकांना न विचारता, नियोडिमियम, लोह आणि बोरॉनचं चुंबक जाहीर केलं. जनरल मोटर्सला ते गाड्यांच्या मोटारींसाठी हवं होतं. ते स्पीकरमध्ये आलं आणि सात-आठ किलोंचा पंधरा इंची स्पीकर साडेतीनावर उतरला.

यातही एक मेख आहे. या धातूंचा बाजार चीनच्या हातात. २०१०मध्ये त्यांनी निर्यात आवळली आणि २०११मध्ये भाव कित्येक पटींनी चढले. काही बॉक्सवाले तेव्हा गुपचूप फेराइटकडे परतले. २०२५मध्ये असल्या चुंबकांच्या निर्यातीवर पुन्हा बंधनं आली, तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांनी ओरड केली. बेसवाल्यांची ओरड कोण ऐकतो!

दुसरी वाट विजेची. तुम्हाला रेडिओचा जुना एलिमिनेटर आठवत असेल, विटेसारखा जड. आणि आता मोबाईलचा चार्जर बघा. फरक एवढाच, की घरात येणारी वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, आणि त्या गतीला मोठं लोखंड लागतं. चार्जर ती आधी सरळ करतो, मग सेकंदाला लाखभर वेळा तोडतो, आणि एवढ्या गतीला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. अमेरिकेत वॉल्टर वूड्स नावाचा एक माणूस १९७०च्या दशकापासून खांद्याच्या पिशवीत मावणारे ॲम्प हातानं बनवत असे. डबल बासवाले जॅझ वादक त्याच्याकडे नंबर लावून बसत. बाकीच्या जगाला तिथं पोचायला तीस वर्षं लागली.

तिसरी वाट म्हणजे 'क्लास डी'. हा डी डिजिटलचा नव्हे, ए-बी-सी झाले म्हणून पुढचा डी. आपल्या जुन्या पंख्याचा मोठा गोल रेग्युलेटर कसा गरम व्हायचा? नको असलेली वीज तो अडवून स्वतः जाळत असे. जुने ॲम्प तेच करतात. क्लास डी अडवत नाही. तो बटण पूर्ण चालू, पूर्ण बंद, असं सेकंदाला लाखो वेळा करतो. चालू किती वेळ आणि बंद किती वेळ, यातूनच आवाजाची लाट घडते, शेवटी एक छोटं वेटोळं ती गुळगुळीत करून स्पीकरला देतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, म्हणून तो जड ॲल्युमिनियमचा साचाच नको. कल्पना जुनी. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरनं १९६४-६५मध्ये असला ॲम्प विकायला काढला होता. पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगानं उघडझाप करू शकत नव्हते, आणि तो प्रकार फसला. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधनातून १९९९मध्ये बँग अँड ओलुफसेनच्या साथीनं 'आइसपॉवर' निघालं, तेव्हा कुठे तयार पट्टी विकत घेऊन कोणालाही ॲम्प बनवता येऊ लागला.

इटलीच्या मार्कबेसनं २००० नंतरच्या दशकात तीन किलोंच्या आत पाचशे वॅट देणारा 'लिटल मार्क' आणला. त्यात क्लास डी नव्हता, फक्त वीजपुरवठा नवा होता. तेवढ्यानंही काम झालं.

एका गोष्टीला मात्र कोणी उतारा काढला नाही. ती म्हणजे बॉक्समधली हवा. अमेरिकेचे जे. अँटन हॉफमन सांगून गेलेत की लहान बॉक्स, खोल खर्ज आणि कमी ताकदीत मोठा आवाज या तिन्हींतलं तुम्हाला कुठलंही दोनच मिळेल. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात याचं पक्कं गणित मांडलं. त्याआधी बॉक्स म्हणजे सुताराचा अंदाज. माझा गावठी बॉक्स त्याच परंपरेतला. आज तळहाताएवढ्या स्पीकरचे बेस बॉक्सही मिळतात. आवाज गोड, पण ते ताकद खातात. म्हणजे तीनातलं एक त्यांनी सोडलेलंच असतं. जाहिरातीत ते सांगत नाहीत, एवढंच.

मग मी काय घेतलं? आधी ओहमचं सांगतो, कारण त्यात मी एकदा तोंड भाजून घेतलंय. ओहम म्हणजे स्पीकरचा अडथळा. आठ ओहमचा एक बॉक्स जोडला तर आठ, तसेच दोन जोडले तर चार, तीन जोडले तर २.६७. बहुतेक हलके ॲम्प चारापर्यंत सोसतात. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात मैदान मोठं म्हणून मी उसना तिसरा बॉक्स जोडला. दुसऱ्या गाण्याला ॲम्प तापला, चौथ्याला गप्प. मध्यंतरात गौळण म्हणायला आलेल्या मुलींनी वेळ मारून नेली. चूक माझी, ॲम्पची नव्हे.

दुसरं, वॅटच्या आकड्याला भुलू नये. आठ ओहमला तीनशे आणि चारला पाचशे वॅट देणारा ॲम्प असेल, तर त्या दोनशे वॅटांनी आवाज वाढतो दोनएक डेसिबल. कानाला जेमतेम कळेल इतका. खरा फरक दुसऱ्या बॉक्सनं पडतो, कारण हवा ढकलणारा पडदा दुप्पट होतो. म्हणून चार ओहमचा एक बॉक्स घेण्यापेक्षा आठचे दोन सारखे घ्यावेत. अगदी सारखे. एक पंधरा इंची, एक दहा इंची अशी जोडी दिसायला रुबाबदार, पण दोघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. आणि लहान कार्यक्रमाला एकच न्यायचा.

मी तीन किलोंच्या आतला क्लास डी ॲम्प आणि बारा इंची नियोडिमियम स्पीकरचे दोन बॉक्स घेतले, प्रत्येकी तेरा किलो. पैसे महिन्याच्या पगारापेक्षा जास्त गेले, ते घरी दोन हप्त्यांत सांगितले. बॉक्स एकावर एक उभे ठेवतो, म्हणजे वरचा कानाजवळ येतो आणि आवाज उगाच वाढवावा लागत नाही. बाहेरचं मैदान आता साउंडवाला सांभाळतो. ॲम्पच्या मागून एक वायर त्याच्या मिक्सरला गेली की त्याचे बेस बिन काय ते करतात. १९६९मध्ये ही सोय असती, तर तो फ्रिज जन्मालाच आला नसता असं मला वाटतं.

दिवाळीनंतरच्या जत्रेत पहिल्यांदा नेला. आमचा ढोलकीवाला, वयानं मोठा, सगळे त्याला दादा म्हणतो, पिशवीतून ॲम्प काढताना बघत होता. "हें कितें रे, जेवणाचो डबो?" पहिलं गाणं झाल्यावर त्यानं मान हलवली, बोलला काही नाही. तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "आवाज आसा. पूण हादरो ना." खरं आहे ते. जुन्या बॉक्ससमोर उभं राहिलं की पँट फडफडायची, पाटाखालची फळी थरथरायची. या नव्यात प्रत्येक स्वर वेगळा, स्वच्छ ऐकू येतो, अगदी माझ्या चुकांसकट. पण तो हादरा त्यात नाही. मला त्याची आठवण येते हे मी कबूल करतो.

दुसरी रुखरुख मेकॅनिकची. ज्यानं माझा जुना ॲम्प बांधला, त्याला मी नवा नेऊन दाखवला. त्यानं झाकण उघडलं, भिंग लावून ती तिळाएवढ्या भागांची पट्टी बघितली आणि झाकण परत लावलं. "हा मेला तर माझ्याकडे आणू नकोस," म्हणाला, "कंपनीला पाठव, ते अख्खी पट्टी बदलतील." जुना ॲम्प त्यानं वीस वर्षांत पाच वेळा उठवला, दर खेपेला दोन-तीनशे रुपयांत. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत नवा किती टिकेल, देव जाणे. मी त्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात.

जुना बॉक्स विकायला काढला होता. दोघे येऊन बघून गेले, दोघांनीही एका बाजूनं उचलून बघितला आणि परत आले नाहीत. तो पडवीत आहे. त्याच्यावर आता इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलीय.